तापातली मराठी

त्या मे महिन्यातलं चेन्नई मला आठवतं ते झोपेतून अर्धवट जागं होताना दिसावं तसं. ऊन इतकं पांढरं असायचं की समोरच्या घरांचे रंग उडून गेल्यासारखे वाटायचे. वाहन नाही, हॉर्न नाही. वेस्ट मांबलमच्या आमच्या गल्लीत कावळे रस्त्याच्या मधोमध चालत जायचे. कुठल्याशा घरात कुकरची शिट्टी झाली की कोणाकडे काय शिजतंय याचा विचार करत मी खिडकीत उभी राहायची. आज सोमवार की गुरुवार, हे मोबाइल बघितल्याशिवाय सांगता येत नव्हतं.

मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात हिशेब तपासणीच्या कामाला आहे. माझं माहेर कराडकडचं. बदली होऊन चेन्नईला आले तेव्हा नवरा आणि मुलगी पुण्यातच राहिले, आणि मी वेस्ट मांबलममध्ये एका जुन्या दोनमजली घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. टाळेबंदी झाली आणि मी तिथेच अडकले. खालच्या मजल्यावर घरमालकीण एकट्या राहायच्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, पाठीत थोड्या वाकलेल्या, नऊवारी फक्त सणाला नेसणाऱ्या. सगळी गल्ली त्यांना मामी म्हणायची, मीही म्हणू लागले.

घर बघायला आले होते त्या दिवशी त्या दारातून म्हणाल्या होत्या, "ये की. उभी कशास राहिलीस?" मी चपापलेच. मामींचं घराणं तंजावरकडचं, कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे जाऊन राहिलेल्या मराठी लोकांपैकी. त्यांची मराठी जुन्या पत्रांतल्यासारखी, तीत तमिळ शब्द मिसळलेले आणि सगळ्यावर तमिळचा हेल. मी ती इथे लिहिते आहे ती माझ्या कानात उरली तशी, चुकतही असेन. टाळेबंदीत रोज संध्याकाळी मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायची, मामी खाली ओट्यावर, आणि आम्ही बोलायचो. आम्हाला एकमेकींचं सगळं कळायचं असं नाही. पण अंधार पडेपर्यंत उठावंसं वाटायचं नाही.

एका सकाळी फोन आला. माझ्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याची बहीण महापालिकेत डॉक्टर होती, तिचा. एग्मोरकडच्या एका बंद शाळेत रस्त्यावरच्या लोकांसाठी निवारा केला होता आणि तिथल्या लोकांची तब्येत बघायचं काम तिच्याकडे होतं.

"मॅडम, तुम्ही मराठी ना?" ती इंग्रजीत म्हणाली. "आमच्याकडे एक पाट्टी आहे. म्हातारी बाई. ती काय बोलते ते कोणालाच कळत नाही. हिंदी येणाऱ्याला बोलावलं, तो म्हणाला, हिंदी नाही, मराठी असावी. तुम्ही येऊ शकाल?"

माझ्याकडे कार्यालयाचं ओळखपत्र होतं आणि स्कूटर होती. मी निघाले. नाक्यावर पोलिसाने ओळखपत्र बघून हात हलवला आणि मी त्या मोकळ्या रस्त्यावरून गेले. साड्यांच्या दुकानांच्या बंद शटरांवरून, पुलावरून, झाडांच्या सावल्यांतून. इतकी वर्षं ज्या रस्त्याने मी फक्त समोरच्या बसची पाठ बघत गेले होते, त्याच्या कडेला इतकी जुनी झाडं आहेत हे मला त्या दिवशी दिसलं.

शाळेत बाकं व्हरांड्यात एकावर एक रचून ठेवली होती आणि वर्गांत चटया टाकल्या होत्या. फळ्यावर मार्चमधला धडा तसाच होता, गोल गोल तमिळ अक्षरांत. खाली माणसं बसली होती, निजली होती. बिहारकडचे मजूर, एक आंधळा माणूस, दोन बायका एकमेकींची वेणी घालत होत्या. डॉक्टर माझ्या मुलीपेक्षा फार मोठी नसेल. मुखपट्टीवर नुसते डोळे दिसत होते आणि ते झोपेने सुजलेले होते. ती मला खिडकीशी घेऊन गेली.

म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. लहानखुरी, गव्हाळ, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले. उजव्या पायाला फडकं गुंडाळलं होतं आणि त्यातून वास येत होता. डोळे उघडे होते, पण ती आमच्याकडे बघत नव्हती. ओठ हलत होते. मी जवळ बसले.

"डांगर भाजून घे," ती म्हणत होती. "करपवू नकोस. ताक आंबट नको. मग मिरची घाल... मग मिरची घाल की."

मी म्हणाले, "आजी, तुम्ही कुठल्या? गाव कोणतं तुमचं?"

तिने मान वळवली. खूप लांबून कोणी हाक मारल्यासारखी. "तळ्याकडे," ती म्हणाली. "तळ्याकडचं घर." मग पुन्हा डांगर, ताक, मिरची.

डांगर म्हणजे आमच्याकडे पापडाचं पीठ. मला क्षणभर कराडच्या उन्हाळ्यातली गच्ची आठवली. पण ती ताक कशाला म्हणते ते कळेना. शिवाय शब्द मराठी असले तरी ते वर-खाली होत होते ते आमच्या मराठीसारखे नव्हेत. अशी लय मी रोज संध्याकाळी ऐकत होते, पण त्या वेळी ते लक्षात आलं नाही.

"मराठीच ना?" डॉक्टरने विचारलं.

"मराठी आहे. पण आमच्यासारखी नाही."

"पण मराठी आहे," ती म्हणाली आणि सुस्कारा सोडला. मग तिने मला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. म्हातारीला एग्मोर स्टेशनसमोरून परप्रांतीय मजुरांच्या घोळक्याबरोबर उचलून आणलं होतं. ती सुरुवातीपासून गप्प होती, म्हणून तिचीही नोंद परप्रांतीय अशीच झाली. ताप चढला तेव्हा बोलू लागली, तेही हे असं. पायाला जखम होती, मधुमेहाची. साखर मोजायच्या यंत्रावर आकडाच येत नव्हता, नुसतं 'हाय' येत होतं. तिला दवाखान्यात दाखल करायला हवं होतं. पण मोठ्या दवाखान्याचे बरेचसे वॉर्ड करोनाला दिले होते, आणि उरलेल्या खाटा मिळायच्या तर आधी तपासणीचा अहवाल हवा, त्यासाठी फोन नंबर आणि शहरातला पत्ता हवा.

"आणि परप्रांतीयांसाठी वेगळा हुकूम आहे," ती म्हणाली. "त्यांना त्यांच्या राज्यात पाठवायचं. परवा महाराष्ट्राकडे गाडी जाते आहे. वरून सांगतात, प्रवासाला घाला, उपचार तिकडे होतील."

"या अवस्थेत? आणि तिकडे कोणाकडे?"

"तेच मला तुमच्याकडून हवं होतं, मॅडम. गावाचं नाव. एखादा फोन नंबर."

मी परत म्हातारीजवळ बसले. नवऱ्याचं नाव विचारलं, मुलं विचारली, तालुका विचारला. तालुका हा शब्द तिने पुन्हा म्हणून पाहिला आणि सोडून दिला. तिच्या कपाळावर हात ठेवला तर चटका बसला. बाहेर कोणीतरी बादलीत पाणी ओतत होतं, त्याचा आवाज ऐकून ती म्हणाली, "तण्णी आलं. घागरी लावा." तण्णी म्हणजे तमिळमध्ये पाणी. इतकं तमिळ मलाही येत होतं. तो एवढासा शब्द कानावर पडला आणि मला मामी आठवल्या. मामीही असंच म्हणायच्या, पहाटे नळाला पाणी आलं की जिन्यातून मला हाक मारून.

मी मामींना फोन लावला. त्या पोथी वाचत असाव्यात, वेळ लागला. मी म्हटलं, "मामी, एक बाई आहे. तुमच्यासारखं बोलते. ऐका जरा." आणि स्पीकर चालू करून फोन म्हातारीच्या तोंडाजवळ धरला.

म्हातारी पुन्हा भाजत होती, कालवत होती. मग मामींचा आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा, फोनवर बोलताना काढायच्या तसा.

"डांगर पच्चडी करतीस की काय ग?"

म्हातारीचे ओठ थांबले.

"मोहरीची फोडणी विसरलीस," मामी म्हणाल्या.

"विसरत्ये कशी?" म्हातारी म्हणाली. स्पष्ट, थोडी रागावून. "ती सर्वांशेवटी."

पच्चडी म्हणजे तिकडची दह्याताकातली कोशिंबीर; ताकाचं कोडं मला तेव्हा सुटलं. नंतर दोघी बोलल्या. किती वेळ ते सांगता येणार नाही, मला तो फार लांब वाटला. मी फोन धरून चटईवर बसले होते. खिडकीतून ऊन सरकत येत होतं, वर्गातली माणसं आमच्याकडे बघत होती, आणि त्या दोघींचं बोलणं माझ्या डोक्यावरून, बाजूने, मधून वाहत होतं. काही शब्द माझे, काही जुने, काही तमिळ. एखाद्या घरात पाहुणी म्हणून झोपावं आणि पहाटे स्वयंपाकघरातले आवाज ऐकू यावेत तसं वाटत होतं. मामी विचारत, म्हातारी कधी उत्तर देई, कधी भलतंच काही बोले, मग मामी तेही धरून पुढे जात. तळं कुठलं? मांबलमचं. कोणाच्या घरी होतीस? स्वयंपाकाला होत्ये. आता काय होतंय तुज? पाय. पाय जळतो.

शेवटी मामी मला म्हणाल्या, "ही आमची. हिथलीच. लेक व्ह्यू रोड म्हणतात नव्हे, तिकडे पूर्वी तळं होतं. आता नुसतं नाव उरलं."

मी डॉक्टरला सांगितलं, ही महाराष्ट्राची नाही. हिने महाराष्ट्र पाहिलाही नसेल. ही चेन्नईचीच आहे, तमिळनाडूबाहेर तिचं कोणी नाही.

डॉक्टर भिंतीला टेकली. "म्हणजे गाडीचा प्रश्न मिटला," ती म्हणाली. "पण पत्ता? शहरातली आहे, तर शहरातला पत्ता लागेल."

मामी अजून फोनवर होत्या. त्यांनी ऐकलं असावं, कारण त्या तमिळमध्ये डॉक्टरशी बोलू लागल्या. आमच्या घराचा पत्ता त्यांनी सावकाश, पिनकोडसकट सांगितला. डॉक्टरने विचारलं, नातं काय लिहू?

"सोंदम्," त्या म्हणाल्या.

डॉक्टरने ते लिहून घेतलं आणि मला समजावलं, सोंदम् म्हणजे नातलग. आपलं माणूस.

तपासणी झाली. फोन नंबर माझा दिला होता. अहवाल आला, करोना नव्हता. त्यानंतरही एका दवाखान्याने परत पाठवलं, खाट नाही म्हणून. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर स्वतः रुग्णवाहिकेत बसून गेली आणि म्हातारीला आत घेईपर्यंत दारातून हलली नाही, असं मला नंतर कळलं. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला.

त्या वॉर्डात रुग्णासोबत एक माणूस असावं लागे. मामींना जाणं शक्य नव्हतं. माझं काम घरून चालू होतं, तेही जेमतेम, म्हणून दुपारी मी जायची. उंच छताचा जुना वॉर्ड होता, पंखे लांब दांड्यांवरून लोंबत होते आणि ते इतके हळू फिरायचे की त्यांची पाती मोजता आली असती. सगळ्यांच्या तोंडावर पट्ट्या, त्यामुळे आवाज कुठून येतो ते कळायचं नाही. मी स्टुलावर बसून पेंगायची. जागी झाले की म्हातारी माझ्याकडे बघत असायची.

ताप उतरल्यावर ती एकदम वेगळी बाई झाली. फाडफाड तमिळ बोलणारी, नर्सला नावं ठेवणारी, शेजारच्या खाटेवरच्या बाईला कंजी, म्हणजे पेज, कशी पातळ करायची ते शिकवणारी. नर्स काय म्हणते ते आता तीच मला सांगायची. "उद्या पट्टी सोडणार म्हणत्ये. तूं घाबरूं नको." मी तिला आजी म्हणत होते, ते तिला आवडत नव्हतं. "अक्का म्हण," ती म्हणाली. म्हणून अक्का.

तिची हकिकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. ती लग्न होऊन तंजावरकडून मांबलमला आली. नवरा लग्नकार्यांत आचारी होता. तो गेला, दिरांनी घर विकलं, आणि ती लोकांकडे स्वयंपाक करत राहिली. कधी या घरी, कधी त्या. जिथे काम तिथेच झोपायची जागा. शेवटी एका केटररकडे होती, त्याच्या भांड्यांच्या गोदामात मागच्या बाजूला निजायची. लग्नं बंद झाली, केटररने गोदामाला कुलूप लावलं आणि आपल्या गावी गेला. तंजावरला भाची असेल म्हणून अक्का एग्मोर स्टेशनला गेली, तर गाड्याच थांबलेल्या. ती स्टेशनसमोर बसून राहिली. उद्या सुटेल, परवा सुटेल.

"रेशनकार्ड नव्हतं?" मी विचारलं.

"ज्या घरी होत्ये त्या घरी तांदूळ होता. मग कार्ड कशास?"

तिने ते सहज सांगितलं आणि नर्सला हाक मारली.

दवाखान्यातून सोडायची वेळ आली तेव्हा खरी अडचण उभी राहिली. मला वाटलं होतं, ती शाळेत परत जाईल आणि डॉक्टर तिथे लक्ष ठेवेल. डॉक्टरने मान हलवली. अक्काला रोज दोनदा इन्सुलिन घ्यावं लागणार होतं, आणि इन्सुलिन थंड ठेवावं लागतं. शाळेत फ्रिज नव्हता. "मी असे पेशंट बघितलेत, मॅडम," ती म्हणाली. "आम्ही त्यांना बाटली देतो. ते ती कमरेला बांधून उन्हात हिंडतात. चार दिवसांत ते नुसतं पाणी होतं."

मी घरी येऊन जिन्याच्या पायरीवर बसले आणि मामींना हे सांगितलं. मागायचं म्हणून नाही, फक्त सांगितलं. माझ्याकडे फ्रिज होता, पण माझा जिना अरुंद आणि उभा, त्या पायाने तो चढणं तिला शक्य नव्हतं. मामींच्या घरात सोवळंओवळं होतं, स्वयंपाकघरात कोणाला पाऊल टाकू देत नसत. मलाही नाही.

"केवढी बाटली?" त्यांनी विचारलं.

मी अंगठ्याएवढी, अशी खूण केली.

"दह्याच्या वरच्या फळीवर राहील," त्या म्हणाल्या. "आणि मागली खोली रिकामीच आहे."

अशी अक्का घरी आली. पाय सुजलेला, कापडी पिशवी, डोळ्यांत थोडा संशय. पहिले काही आठवडे दोघी एकमेकींशी फार बोलल्या नाहीत. फोनवर जमलं होतं ते समोरासमोर अवघड झालं. अक्काला मामींची कॉफी पाणचट वाटायची, मामींना अक्काचं मोठ्याने बोलणं खपायचं नाही. सकाळ-संध्याकाळ मी खाली जाऊन सुई द्यायची. गल्लीच्या टोकाच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सने मला शिकवलं होतं. मी औषध पुन्हा पुन्हा मोजायची. अक्का दुसरीकडे बघत म्हणायची, "दे की लौकर, इडल्या फुगतायत."

कारण तोवर ती स्वयंपाकघरात शिरली होती. कसं झालं मी पाहिलं नाही. एका सकाळी खाली गेले तर ती ओट्यापाशी स्टुलावर बसली होती, पाय दुसऱ्या स्टुलावर, आणि मामी तिच्या हाताखाली कोथिंबीर निवडत होत्या. मी सुई दिली आणि वर गेले.

मामींचा मुलगा बंगळुरूला होता. त्याचा रोज फोन यायचा. त्याला हे समजलं तेव्हा तो रागावला. मी तिथेच होते, त्याचा आवाज मला ऐकू येत होता. कोण ही बाई, कुठली, तिचा एक कागद तरी आहे का, या दिवसांत तू अनोळखी माणसाला घरात कशी घेतेस. त्याचं काही अगदीच चुकीचं नव्हतं. मामींनी त्याला पूर्ण बोलू दिलं.

"तिची तपासणी झाली आहे, तुझी झाली का?" त्या म्हणाल्या. "आणि तिला कागद नाही, पण ती मज विचारून दिवा लावत्ये. तूं काळजी करूं नको."

वर्ष गेलं. मला ते वर्ष एकाच लांब दुपारसारखं आठवतं. मागच्या खोलीत टेबलफॅन, ओल्या फरशीचा वास, अक्का पाय पसरून बसलेली, मामी झोपाळ्यावर. दोघी एकमेकींना जुन्या पदार्थांची नावं सांगायच्या आणि मी जमिनीवर आडवी होऊन ऐकायची. पुण्याला फोन केला की मुलगी म्हणायची, "आई, तुझी मराठी विचित्र होत चालली आहे."

लशी आल्या तेव्हा मी दोघींना रिक्षातून घेऊन गेले. मामींकडे आधार होतं, त्यांना लगेच टोचलं. अक्काकडे काहीच नव्हतं. टेबलावरचा मुलगा सभ्य होता. तो खुर्चीवरून उठला, वाकून बोलला, पण संगणक नंबर मागतो, मी काय करू, म्हणाला. मामींनी तमिळमध्ये बरंच ऐकवलं. अक्काने त्यांचा पदर ओढला.

"चल ग," ती म्हणाली. "मज दिवसाला दोन सुया पुरेत."

त्या दिवशी मामी नीट जेवल्या नाहीत. नंतर दुसरी लाट आली, आणि पुन्हा गल्लीत रुग्णवाहिकांचे आवाज सुरू झाले. आम्ही अक्काला अंगणातही जाऊ देत नव्हतो. ती मागच्या दारात उभी राहून नुसती आकाशाकडे बघायची. लाट ओसरत असताना डॉक्टरचा फोन आला. कागद नसलेल्यांसाठी आता वेगळी शिबिरं सुरू झाली आहेत, घेऊन या.

ते शिबिर एका पुलाच्या सावलीत होतं. फुटपाथवरचे लोक, भिक्षेकरी, काही तृतीयपंथी, कडेवर पोरं घेतलेल्या बायका. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. फक्त नाव. अक्काने आपलं नाव सांगितलं, आणि मग न विचारता नवऱ्याचंही सांगितलं. लिहिणाऱ्या बाईने दोन्ही लिहून घेतली. डॉक्टर तिथेच होती. पाणी प्यायला तिने मुखपट्टी खाली केली तेव्हा मी पहिल्यांदाच तिचा चेहरा पाहिला. हनुवटीवर तीळ होता. वर्षभराहून अधिक काळ आम्ही बोलत होतो आणि रस्त्यात दिसली असती तर मी तिला ओळखलं नसतं.

पुढे मामींचे गुडघे पार गेले आणि मुलगा त्यांना बंगळुरूला घेऊन गेला. खालचा मजला भाड्याने द्यायचा ठरलं. अक्काला बरोबर नेण्याबद्दल मामी मुलाशी भांडल्या, पण तिथे दोन खोल्यांचं घर होतं, आणि अक्का स्वतःच म्हणाली, "कन्नड मज येत नाही. मी तिकडे काय बोलूं?" मामींनी तंजावरच्या भाचीचा शोध घेतला होता. ती कित्येक वर्षांपूर्वीच वारली होती. शेवटी डॉक्टरने अड्यारला एकट्या बायकांचा एक आश्रम शोधला. तिथे आठवड्यातून एकदा डॉक्टर येत होता आणि फ्रिज होता. हे दुसरं मी दोनदा विचारून घेतलं.

निघायच्या सकाळी मामींनी अक्काला आपली लोखंडी कढई दिली. अक्का म्हणाली, आश्रमात मला कोण चुलीपाशी जाऊ देणार. मामी म्हणाल्या, "तुज कोण अडवणार?" आणि दोघी हसल्या. मग मामी गाडीत बसल्या आणि त्यांनी काच वर केली, कारण मुलाने एसी लावला होता.

मामी गेल्यावर त्या घरात मला फार दिवस राहवलं नाही. आता मी कार्यालयाजवळ, एग्मोरला राहते. रविवारी बस धरून अड्यारला जाते.

गेल्या रविवारी अक्का आश्रमाच्या मागच्या पडवीत बसली होती. चारपाच बायका गोलात, मधे शेवग्याच्या पाल्याचा ढीग. झाडाची फांदी आदल्या दिवशी वाऱ्याने मोडली होती, तिचा पाला वाया जाऊ नये म्हणून सगळ्या निवडायला बसल्या होत्या. अक्काने मला बघितलं आणि गोलात जागा केली. तिच्या पायात तो पुढून बंद, मऊ तळव्याचा बूट होता, दवाखान्यातून मिळालेला.

"साखर?" मी विचारलं.

"आहे ठीक. त्या डॉक्टराला विचार. बस."

मी बसले. देठ चिमटीत धरायचा आणि उलटा ओढायचा, की पानं आपोआप सुटतात. ती बारीक पानं मांडीवर, पायावर, फरशीवर पडत होती आणि समुद्राकडून वारा आला की थोडी उडायची. समोरची बाई तमिळमध्ये काहीतरी गुणगुणत होती, तिचे शब्द मला कळत नव्हते. अक्का मधेच म्हणाली की मामींचा फोन आला होता, गुडघ्याचं ऑपरेशन करायचं म्हणतात, पण ती भिते. मग म्हणाली, मी सांगितलं तिला, बेशुद्ध करतात ग, काही कळत नाही, मी दोन बोटं दिली, मज काही कळलं नाही.

ढीग हळूहळू कमी होत होता. आतून कोणीतरी डाळ शिजल्याचं ओरडून सांगितलं. अक्काने निवडलेल्या पाल्याने भरलेलं सूप उचललं, भिंतीला हात लावून उठली आणि स्वयंपाकघराकडे गेली. मी मांडीवरची पानं गोळा करत तिथेच बसून राहिले.